खंडेनवमीला अडकलेली यादी

नव्वद साल उजाडायला दोन-एक वर्षं होती. शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात एक मुख्य आणि दोन साधे असे तीन कॉम्प्युटर मी वायरीनं जोडले होते आणि माझ्या अंगात भलतीच मस्ती होती. त्या वेळी कॉम्प्युटर ज्यावर चालायचे त्या डॉसला आपण एकटेच आहोत असं वाटायचं. दोघांनी एकच फाईल उघडली, की एकाचं लिहिलेलं दुसरा पुसून टाकी. मी डॉसला एक छोटा प्रोग्राम जोडला. एकानं फाईल उघडली की मुख्य कॉम्प्युटरवर तशी नोंद होऊन बाकीच्यांना ती बंद, त्यानं मिटली की मोकळी. झालं! त्या जोरावर मी रक्तदात्यांची कागदी वही रद्दीत काढायला लावली.

खंडेनवमीला दवाखान्यातल्या रक्तपेढीच्या कारकुनांनी कॉम्प्युटरची पूजा मांडली. बंद हत्यार कसं पुजायचं, म्हणून रक्तदात्यांची यादी पडद्यावर उघडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कुणी हात लावत नाही. ते तसंच चालू ठेवून, खोलीला कुलूप घालून कारकून गावी गेले.

दुपारी राधानगरीकडची एक बाळंतीण आली. रक्तस्राव थांबेना, रक्तगट दुर्मिळ, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर यादी उघडेना. मला बोलावलं.

"कुलूप फोडू की! आत पडद्यावर यादी हाय न्हवं?" सिस्टर म्हणाल्या.

"कशाला? त्या खोलीचा फ्यूज काढतो, यादी आपोआप सुटतीय बघा."

काढला. यादी सुटली नाही!

तिकडचं मशीन बंद पडलं, पण फाईल त्याच्याकडेच असल्याची नोंद मुख्य कॉम्प्युटरवर तशीच राहिली. हे माझ्या टाळक्यात कधी आलंच नव्हतं. आणि पडद्यावर दिसणारी यादी मी माझ्या हातानं घालवली होती. ती नोंद कुणी बदलू नये म्हणून मीच कुठंतरी दडवून ठेवलेली, आता जागा आठवेना. बाळंतिणीचा नवरा दारात हात जोडून उभा. "सायेब, घावतंय न्हवं?"

घावायला पाऊण तास गेला. यादी उघडली, फोन झाला, गॅरेजमधला एक मुसलमान मिस्त्री वंगणाचे हात पुसत धावत आला आणि त्यानं रक्त दिलं. बाई वाचली.

संध्याकाळी नवऱ्यानं सगळ्यांसमोर माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "सायेब, तुमी हुता म्हणून माझी बायकू जित्ती हाय."

सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. मी पाय मागे घेतले नाहीत.