दुखणं थांबलं तेव्हा

भास्करदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डिचोलीला कचेरीत होते. कुणाकुणाला कळवायचं त्याची यादी केली, रजेचा अर्ज लिहिला आणि पेडण्याची बस धरली. हृदय थांबलं, मूत्रपिंडाचा याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. तरी गेला महिनाभर मला तो खडाच आठवतो आहे...

गोवा राज्य झालं त्या वर्षी माझ्या या थोरल्या भावाच्या डाव्या कुशीत कळा सुरू झाल्या. आधीचे दोन मुतखडे कुळथाचं पाणी पिऊन आपोआप पडले होते. हा तिसरा मोठा, नळीत अडकलेला. म्हापशाचे डॉक्टर म्हणाले, "थोडं थांबून बघू. ताप आला, लघवी अडली किंवा कळ सोसवेना, तर लगेच या, ऑपरेशन करावं लागेल. काही झालं नाही तरी महिन्याने सोनोग्राफी कराच." मी तिन्ही लक्षणं कागदावर लिहून वहिनीच्या स्वयंपाकघरात चिकटवली. दादाने देवळात जाऊन प्रसाद लावला. मूर्तीवर फुलाच्या पाकळ्या लावून प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार. थांबू का, असं त्याने विचारलं. उजवी पडली.

"तुझी यादी तू धर, माझो देव माका पुरो."

"देव सोनोग्राफी करता?"

"रांगेत बसयना तरी!"

दोन आठवड्यांनी कळा थांबल्या. "दुखणा गेला म्हणजे खडोय गेलो," म्हणत त्याने पेढे वाटले. मीही कागदावरच्या तिन्ही लक्षणांवर काट मारली. सोनोग्राफी हे काही लक्षण नव्हे, म्हणून ती मी लिहिलीच नव्हती.

पुढच्या वर्षी भलत्याच कारणाने तपासणी झाली. खडा तिथेच होता. कळा थांबल्या तरी खड्याच्या मागे लघवी तुंबतच राहिली होती आणि डावं मूत्रपिंड निकामी झालं होतं. वेळेवर ऑपरेशन झालं असतं तर ते वाचलं असतं. आता झालं ते मूत्रपिंड काढून टाकण्याचं. खाटेवर पडल्या पडल्या दादा म्हणाला, "देवाक दोष नको. थांबू काय म्हणान मी इचारला. किती दीस, ता इचारूकच नाय."

माझ्या कागदात काय राहिलं होतं, ते मी त्याला कधीच सांगितलं नाही.

उरलेल्या मूत्रपिंडावर तो बरीच वर्षं जगला. घरी येईल त्याला चहाआधी पाणी देई आणि पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलत नसे. बाराव्याला मी अर्धा पेला पिऊन खाली ठेवला. वहिनी समोर उभीच.

"उरलेला पी गे," ती म्हणाली.