अकरा वेळा जुंपून पाहिलेला खेळ

पुष्पाबाईंचा प्रश्न अगदी सरळ होता. टीव्हीवर खेळायचा एक गेम आहे, दोन हजाराला एक रुपया कमी, तो घेण्यासारखा आहे का? बस्स. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. पण दोन महिन्यांत धुळ्यापासून जळगावपर्यंत एका माणसानं त्या बाईला सरळ उत्तर दिलं असेल तर शपथ!

आता पुष्पाबाई म्हणजे काही कोणाच्या दारात कशासाठी उभी राहणारी बाई नव्हे. साक्रीच्या डेपोत पंचवीस वर्षं कंडक्टर होत्या. बाजाराच्या दिवशी पन्नासच्या गाडीत नव्वद माणसं, वर कोंबड्या, वर मेथीच्या जुड्या, आणि त्यातून ही बाई वाट काढत शेवटच्या सीटपर्यंत तिकिटं फाडत जायची. दारू पिऊन शिवी देणाऱ्याची कॉलर धरून त्याला दहिवेलला उतरवलं होतं एकदा. एकदाच. बाकीच्या शंभर वेळा शिव्या गिळल्या, कारण तक्रार झाली की चौकशी कंडक्टरचीच व्हायची. नवरा वनाभाऊ सहा वर्षांपूर्वी गेले, पोरगा कुंदन पुण्याला नोकरीला लागला, बाई निवृत्त झाल्या आणि धुळ्यात देवपूरच्या घरात एकट्या राहू लागल्या.

कुंदनचं ते गेमचं मशीन टीव्हीखाली धूळ खात पडलं होतं. दिवाळीत त्यानं गंमत म्हणून रिमोट आईच्या हातात दिला. गंमत त्याची संपली, बाईंची सुरू झाली. या गेमचा पहिला तुकडा फुकट होता. भाला घेतलेली एक पोरगी, तिच्यासोबत एक कोल्हा, आणि रस्त्यात आडवे येणारे नाना तऱ्हेचे राक्षस. मारायचं, चुकवायचं, नवी हत्यारं मिळवायची, ताकद वाढवायची. मेलं तरी काही जात नाही, तिथूनच पुन्हा उठायचं. नदीच्या काठाशी आलं की फुकटचा खेळ संपतो. पुढचं पाहायचं तर पैसे.

नदीपर्यंत पुष्पाबाई अकरा वेळा जाऊन आल्या होत्या. त्यांच्या रूटवरचं प्रत्येक वळण त्यांना पाठ होतं, पंचवीस वर्षं तेच. इथं पहिल्यांदा नदीपलीकडे काय आहे हे ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगू? समोरच्याला दणका हाणला तरी चौकशी लागत नव्हती. हे सुख काय असतं ते ज्यानं शिव्या गिळल्यात त्यालाच विचारा.

पण बाई संसारी. पैसा स्वतःचा असला तरी विचारून घ्यावा म्हणाल्या. आधी कुंदनला फोन केला.

"मम्मी, तुला कशाला तो? माझे चाळीस गेम आहेत ना त्यात."

"अरे, घेण्यासारखा आहे का, ते सांग ना!"

"तू आधी आहेत ते तर खेळ."

झालं! आंबा विचारला आणि चिंचेचा भाव सांगितला. मग डिंपलला विचारलं. ही त्यांची मुलगी, जळगावला मेहरूणमध्ये दिलेली. तिनं मोतीबिंदूच्या ऑपरेशनची आठवण करून दिली आणि बदाम भिजवून खायला सांगितले. शेजारच्या बेबाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एकटं वाटतं ना? आमच्या भजनी मंडळात या." अगं बाई, एकटं वाटतं असं म्हटलं कोणी! डिंपलकडे गेल्या तेव्हा जळगावच्या एका दुकानात शिरल्या, तर दुकानदारानं वर न पाहताच विचारलं, "नातू किती वर्षांचा आहे, मावशी?"

मोबाईलवर एक पोरगा गेमची परीक्षणं करतो. बाईंनी चष्मा लावून त्याचं वीस मिनिटांचं आरडणं-ओरडणं ऐकलं. मारामारी तीच ती आहे, फार सोपा आहे, पण चित्रं सुंदर आहेत, पण लवकर संपतो, पण... आणि विसाव्या मिनिटाला मुडदा म्हणतो काय, "शेवटी ज्याची त्याची आवड!" बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवड माझीच आहे हे मला ठाऊक नव्हतं होय रे? त्यासाठी माझी वीस मिनिटं खाल्लीस?

शेवटी त्या माहेरी गेल्या, साक्रीजवळच्या खेड्यात, थोरल्या भावाकडे. तोतारामनाना म्हणजे बैलांचे दलाल. आयुष्य बैलबाजारात गेलेलं. जनावराच्या तोंडात हात घालून वय सांगणार आणि खोड असेल तर विकणाऱ्याच्या तोंडावर सांगणार. त्यांना टीव्हीवरचा गेम म्हणजे काय हे समजावण्यात अर्धा तास गेला. पण नाना हसले नाहीत. वयाचा विषय काढला नाही, डोळ्यांचा नाही. बाजेवर सरळ होऊन बसले आणि विचारू लागले.

"किती दिन चालस?"

"रोज तास-तास खेळलं तर दहा-बारा दिवस."

"मंग?"

"मग संपतो. पुन्हा पहिल्यापासून खेळता येतो."

"ईकता येस का?"

"नाही, नंतर विकता येत नाही."

"खोड काय शे?"

"मारामारी सारखीच आहे म्हणतात. आणि सोपा आहे."

नानांनी तंबाखू मळली, विचार केला आणि मान हलवली. "माले इचारशी ते नको लेवू. बारा दिननं काम, परत ईकता येस नही. किंमत जास्त शे."

पुष्पाबाईंना काय आनंद झाला म्हणून सांगू! दोन महिन्यांनी कोणीतरी उत्तर दिलं होतं. नको तर नको, पण उत्तर! आणि त्याच क्षणी मनात पक्कं कळलं, की गेम तर घ्यायचाच आहे. त्यांचा चेहरा नानांनी वाचला. बैल वाचणारा माणूस, बहीण काय अवघड?

"जुपी पाह्यना का पन तू?"

"अकरा वेळा खेळून पाहिलाय."

"अकरा दाव!" नाना आता चिडले. "अकरा दाव जुपी पाह्यना आनि कोनले इचारत फिरस? तू भाव नही इचारी राह्यनी, पुष्पे. तू परवानगी मांगी राह्यनी."

बाईंनी पिशवी उचलली. धुळ्यापर्यंतच्या गाडीत त्या खिडकीशी बसून धुमसत होत्या, पण आता कुंदनवर नाही, दुकानदारावर नाही. स्वतःवर. वनाभाऊ आजारी असताना घर ओढलं, पोरगा शिकवला, पोरगी उजवली. तेव्हा कोणाला विचारलं होतं? आणि आज स्वतःच्या गमतीसाठी दोन हजार काढायचे तर गावभर तोंड वेंगाडत हिंडले! लाज वाटली पाहिजे मला.

घरी आल्या, पिशवी ठेवली, पाणीसुद्धा न पिता मशीन लावलं आणि 'विकत घ्या' दाबलं. पडद्यावर अक्षरं आली. हे खातं लहान मुलाचं आहे. खरेदीसाठी कुटुंबप्रमुख कुंदन यांची परवानगी मागवली आहे. कृपया वाट पाहा.

दिवाळीत कुंदननं खातं उघडून दिलं होतं, ते लहान मुलांच्या रकान्यात. आईच्या हातून चुकून काही विकत घेतलं जाऊ नये म्हणून! पुष्पाबाई पडद्याकडे पाहतच राहिल्या. कुटुंबप्रमुख! ज्याची शाळेची फी त्यांनी ओव्हरटाइम करून भरली, तो त्यांचा कुटुंबप्रमुख!

त्यांनी वाट पाहिली नाही. सगळं रद्द करून नवं खातं उघडायला घेतलं. एक-एक अक्षर शोधत नाव टाकलं. जन्मसाल विचारलं तेव्हा बटण दाबून धरलं आणि वर्षं मागं, मागं, आणखी मागं सरकवत एकोणीसशे सहासष्टवर आणली. स्वतःच्या एटीएम कार्डाचा नंबर चष्मा पुसून दोनदा तपासला. पैसे गेल्याचा मेसेज मोबाईलवर वाजला आणि पाठोपाठ कुंदनचा फोन.

"मम्मी, मला रिक्वेस्ट आलीये इथं. परवानगी देऊ का?"

"नको."

"बरं केलंस. नाहीतरी एवढा काही खास नाहीये तो."

"गेम घेतलाय मी," पुष्पाबाई म्हणाल्या. "परवानगी नको."