हरिदासचा आवाज

माझ्या बायकोला वाटतं, तिच्यापासून माझं काही लपलेलं नाही. तसं ते खरंच आहे. माझी बीपीची गोळी कुठे ठेवली, कोणता गुडघा दुखतो, कोणत्या भाजीला मी नाक मुरडतो, सगळं तिला ठाऊक. एक गोष्ट सोडून. ती तिला सांगितली नाही, आई होती तेव्हा आईला नाही, मित्रांना तर नाहीच. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

मी हवाई दलात बॉम्बर चालवत होतो. एकाहत्तरच्या लढाईतही चालवला. आता नागपुरात असतो, पेन्शन घेतो. सव्वीस जानेवारीला कोणती ना कोणती शाळा झेंड्याला बोलावते. जातो. हार पडतो गळ्यात. पोरं विचारतात — भीती वाटली होती का हो? मी हसतो. मास्तर लोक टाळ्या वाजवतात, मग चहा आणि चिवडा. बरं, पुढे चला.

नाही — पुढे कसं जाणार? तिथेच तर यायचं आहे.

आमच्या विमानात दोनच माणसं. मी वैमानिक, आणि दुसरा नेव्हिगेटर, म्हणजे वाट सांगणारा आणि बॉम्ब टाकणारा. माझा नेव्हिगेटर हरिदास. तोही नागपूरचाच, मिलच्या मागच्या वस्तीतला. त्याचे वडील मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. छप्पन साली दीक्षेला बापाचा हात धरून गेला होता, ते तो नेहमी सांगायचा. त्या वस्तीतून ऑफिसर झालेला पहिला मुलगा. सुटीवर वर्दी घालून गेला की गल्लीच्या गल्ली बाहेर यायची म्हणे. मी धरमपेठेतला, वकिलाचा मुलगा. नागपुरात आमची गाठ कशाला पडली असती? तिकडे पडली, आणि अशी जमली की इंटरकॉमवरसुद्धा आम्ही आपलं नागपुरीच बोलायचो. नियम इंग्रजीचा होता. पण बॉम्ब टाकायची वेळ आली की हरिदास विमानाच्या नाकात पोटावर पालथा पडायचा, काचेतून खाली बघायचा आणि मला सांगायचा — "डावा घे गा… आणखी थोडा… बस. आता हलू नको."

हे एवढं समजून घ्या. "हलू नको" म्हटल्यावर वैमानिकाने काही म्हणजे काही करायचं नसतं. खालून काय वाटेल ते येवो, विमान नाकासमोर सरळ धरून ठेवायचं. तेवढ्यात नेव्हिगेटर नेम धरतो आणि बटण दाबतो. विमान जरा कलंडलं की नेम गेलाच. वैमानिकाला हिंमत लागते ती त्या थोड्या वेळापुरतीच हो. बाकी उडवायला काय, कोणीही शिकतो.

त्या दिवशी पलीकडची एक धावपट्टी आमच्या वाट्याला आली होती. तिन्हीसांज झालेली. जवळ गेलो तशा खालून तोफा सुरू झाल्या. केशरी गोळे वर येतात. आधी सावकाश येताहेत असं वाटतं, आणि जवळ आले की एकदम सुसाट. माझ्यापुढे निदान काटे होते, पत्रा होता. हरिदासच्या तोंडासमोर नुसती काच. "डावा घे गा," तो म्हणाला. "बस. आता हलू नको."

आणि मी हललो. एक गोळा उजवीकडून गेला — तसा लांबूनच गेला — आणि माझी पाचावर धारण बसली. हाताने विमान डावीकडे टाकलं. हाताने म्हणतो आहे बघा, जसा काही हात दुसऱ्याचा होता. मीच टाकलं. नेमकं तेव्हाच त्याने बटण दाबलं.

तो ओरडला नाही. शिवी दिली नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "घराची दिशा सांगतो, घे."

दुसऱ्या दिवशी फोटो आले. धावपट्टी जशीच्या तशी. खड्डे सगळे बाजूच्या शेतांत. त्या शेतांत कोण होतं? मला माहीत नाही. कोणी विचारलं नाही, मीही नाही.

सी.ओ.नी, म्हणजे आमच्या कमांडिंग ऑफिसरनी, आम्हा दोघांना समोर उभं केलं. आधी मला विचारलं, विमान स्थिर होतं का?

मी म्हणालो, "हो सर. स्थिर होतं."

बस, एवढंच. हरिदासचं नावही घेतलं नाही मी. घ्यायची गरज काय? विमान स्थिर होतं तर नेम चुकला, आणि नेम चुकला तर नेम धरणारा चुकला. आणि आता सांगायलाच बसलो आहे तर हेही सांगतो — माझंच ऐकतील हे मला ठाऊक होतं. हरिदासचं आडनाव घेताना सी.ओ.चे ओठ कसे मुडपायचे ते मी आधी पाहिलं होतं. माझ्यानंतर त्याला काही विचारलंच नाही. तो माझ्याकडे बघत होता. मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होतो.

तो का बोलला नाही, म्हणाल. आमच्यात एक रीत होती — विमानातलं विमानात. एकाने दुसऱ्याला बाहेर तोंडघशी पाडायचं नाही, ज्याची चूक त्यानेच पुढे येऊन सांगायची. हरिदास ती रीत पाळत उभा होता. माझी वाट बघत होता. मी त्याच्या त्या रीतीवरच निभावून नेलं. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते हेच.

त्याचं उडणं बंद केलं. लढाई संपेपर्यंत तो खोलीत बसून दुसऱ्यांचे नकाशे लावत होता. माझ्या विमानात दुसरा नेव्हिगेटर आला. पुढच्या खेपा मी नीट केल्या, पुन्हा हललो नाही — पण ते आता काय सांगायचं? तुम्हाला वाटेल, याची झोप उडाली असेल. नाही उडाली. जेवत होतो, झोपत होतो, पत्ते खेळत होतो. वाटायला पाहिजे ते वाटतच नव्हतं. मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात तसं. अजून त्या उतरल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात सुटीवर घरी आलो. एका दुपारी हरिदासचे वडील सायकलवर आमच्याकडे आले. चपला फाटकाशीच काढल्या. खुर्ची दिली तर बसेनात, व्हरांड्याच्या पायरीवर बसले. आईने पाणी दिलं, वेगळ्या ग्लासात. तो ग्लास कोणासाठी बाजूला ठेवलेला असायचा ते मला माहीत होतं. मी बघून न बघितल्यासारखं केलं. तोवर सवयच झाली होती.

"लोक बोलून राहिले साहेब," ते म्हणाले, "का पोरगा भेला अन् गोळे भलतीकडंच टाकून आला. त्याले विचारलं तं तो बोलेच ना. तुमी होते न त्याच्यासंगं. मले खरं सांगा — भेला का तो?"

आई आत निघून गेली होती. आम्ही दोघंच. सांगायचं असतं तर याच्याहून सोपी वेळ कोणती? सी.ओ. नाही, चौकशी नाही, नोकरीला धक्का नाही. मिलमधल्या त्या म्हाताऱ्याचं बाहेर ऐकणार कोण होतं? एक वाक्य, आणि तेही नागपुरीत.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हो, हातसुद्धा ठेवला! आणि म्हणालो, "काका, मनावर नका घेऊ. पहिलीच लढाई होती. होतं असं एखाद्याचं."

ते "बरं साहेब" म्हणाले. ग्लास अंगणातल्या नळाखाली स्वतःच विसळला, पायरीवर पालथा घातला आणि सायकल काढली. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

मग वर्षं गेली. हरिदासने नोकरी सोडली, नागपुरातच नंदनवनला राहायला आला, शाळेत भूगोल शिकवू लागला. हे मला लोकांकडून कळायचं. मी कधी त्या बाजूला गेलो नाही. चोराच्या मनात चांदणं! नंदनवनला काम निघालं तर भावाला पाठवायचो. मग एक दिवस कळलं, त्याचे वडील वारले. मी का गेलो? खरंच सांगता येत नाही. स्कूटर काढली आणि गेलो.

पुण्यानुमोदनाचा विधी आटोपला होता. बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या, बाजूला म्हाताऱ्याचा टोपीतला फोटो. हरिदासचे केस पिकलेले. "ये गा," म्हणाला. इतक्या वर्षांनी तोच 'गा'! खुर्ची पुसून दिली, चहा आणायला सांगितला. आम्ही उन्हाचं बोललो, पोरांच्या शाळेचं बोललो. निघालो तेव्हा तो फाटकापर्यंत आला, आणि असंच, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाला —

"मीच पाठवलं होतं बाबाले तुह्याकडं. मी सांगितलं असतं तं वाटलं असतं, पोरगा आपली चूक दुसऱ्यावर ढकलून राहिला. म्हटलं, सुधाकरले विचारा. साहेबासमोर नाही बोलला तो, नोकरीचं भेव असंल. तुमच्यापाशी लबाड नाही बोलणार."

मी स्कूटरला किल्ली लावली.

"तुह्याकडून बाबा आला अन् मले म्हणे, असू दे बाबू, मी कोणाले सांगत नाही. नाहीच सांगितलं त्यानं. कोणी माह्याबद्दल बोललं का भांडाले उठे. मरेपर्यंत जपलं मले." मग रस्त्याकडे बघत म्हणाला, "हळू जाय. पुढं खोदून ठेवलं आहे."

मी स्कूटर सुरू केली. खोदलेलं आलं तिथे हळू घेतली. घरी येऊन जेवलो.

काका, तुम्ही उन्हातान्हात सायकल मारत विचारायला आला होता, त्याचं उत्तर हे. तुमचा पोरगा भ्याला नाही. त्याच्या तोंडापुढे नुसती काच होती, काचेखाली आग होती, आणि वर्गात नकाशा दाखवावा तसं तो म्हणत होता — डावा घे गा, बस, आता हलू नको. त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. हललो तो मी.