गेल्या वर्षापेक्षा कसं?

सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ हातात घेतला, की मला ठाण्याच्या खाडीवरची ती नारळी पौर्णिमा आठवते. मी सुट्टीवर आलेले आणि होडीत बसून बाबांना माझं काम फुशारकीने सांगत होते: ध्रुवाकडे जाणारे समुद्राचे उबदार प्रवाह, दरवर्षी त्याच जागी मोजलेलं पाणी, एखाद्या वर्षी जरा गरम, एखाद्या वर्षी गार. बाबांनी नारळ सोडला, वाकून मनगट पाण्यात बुडवलं आणि मलाही बुडवायला लावलं. "पानी कसा हाय गो?" "कोमट," मी म्हटलं. "तसा नाय. गेल्या वरसापरीस कसा?" चिखलाचा, सुक्या जवळ्याचा वास येत होता. "गेल्या वर्षी मी घरी आलेच नव्हते," मी कबूल केलं. ते रागावले नाहीत. "मंग फुडच्या वरसाला ये, तवा सांगशील." पुढच्या वर्षी मी उत्तरेच्या समुद्रात जहाजावर पाणीच मोजत होते, त्याच्या पुढच्या वर्षी बाबा नव्हते. आता दर नारळी पौर्णिमेला मी न चुकता येते, मनगट बुडवते. यंदा पाणी गेल्या वर्षापेक्षा गार लागलं. होडीत बाबा बसायचे त्या फळीकडे बघून मी ते मोठ्याने सांगितलं.