कुणी लिवलंय, आन् कवा?

"कुणी लिवलंय? आन् कवा?" कुठलाही कागद हातात आला की ताई आधी हे विचारायच्या. वरून आलेलं परिपत्रक असो की ग्रामपंचायतीची नोटीस, कागद हातभर लांब धरायचा, मान तिरकी करायची आणि विचारायचं. लग्नाची पत्रिका घेऊन आलेला एक गृहस्थ गोंधळून म्हणाला होता, "आमीच लिवलीय ताई. परवा."

उमापूरजवळच्या आमच्या खेड्यात सहकारी दूध सोसायटीचं केंद्र होतं. मी दुधाची फॅट तपासायचो, ताई शेजारच्या टेबलावर नोंदवही लिहायच्या. लग्नात सुटलेलं शिक्षण त्यांनी चाळिशीत पुन्हा धरलं आणि घरबसल्या पदवीचा फॉर्म भरला. त्यात एक पेपर घेतला: ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांची ओळख. का, तर त्याचा वर्ग गेवराईला रविवारी दुपारी असायचा. सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधाच्या बरोबर मधे.

गावात कुजबुज झाली. एकाने दुधाच्या रांगेतच विचारलं, "ताई, धरम बदलायलात का?"

"माझ्या आज्यानं इचार करून एकदा बदललाय, बुद्धाचा घेतलाय," त्या म्हणाल्या. "मी निस्ता पेपर द्यायलेय."

पहिल्याच तासाला त्यांच्या सरांनी सांगितलं होतं, की ग्रंथ पवित्र मानायचा की नाही ते ज्याचं त्यानं घरी ठरवावं. वर्गात आपण बघायचं, कुणी लिहिला, कधी आणि कुणासाठी. ताईंना हे इतकं पटलं की जगातला कुठलाच कागद त्यातून सुटला नाही.

त्या वर्षी पाऊस नव्हताच. गाव टँकरवर, जनावरं हडकलेली. दूध कमी, त्यामुळे आम्हाला वेळ भरपूर. ताई रांगेतल्या लोकांना अभ्यासातलं सांगायच्या. एका राजाच्या राज्यात सात वर्षं दुष्काळ पडला, पण कारभाऱ्यानं आधीच्या सात वर्षांत धान्याची कोठारं भरून ठेवली होती, असं त्यांनी सांगितलं तेव्हा एक म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "चेअरमन चांगला व्हता म्हणायचा."

एका विधवा सुनेची गोष्ट मात्र त्यांना पुरी सांगता आली नाही. ती सून सासूच्या मागोमाग परक्या मुलखात येते आणि दुसऱ्याच्या कापलेल्या शेतात सरवा वेचते, खाली पडलेली कणसं गोळा करते. तिथे ताई थांबल्या. "माझी माय बी सरवा येचायची," एवढं म्हणाल्या आणि पेन उघडून पुन्हा बंद केलं.

फाल्गुनात सोसायटीने शाळेमागे चारा छावणी उघडली. लगेच सभा झाली आणि चेअरमननी वहीतला ठराव वाचून दाखवला: ज्याच्याकडे एकच जनावर आहे, त्याला शाळेमागच्या छावणीत जागा मिळणार नाही. ठराव दिवाळीच्या सभेतच मंजूर झाला आहे. एक म्हैस असलेली अकरा घरं खाली बघत बसली.

ताईंनी वही मागितली. हातभर लांब धरली. मी मनात म्हटलं, आता ही विचारणार. नोकरी जाईल हिची.

"चेअरमनसाहेब, छावणी कवा उघडली?"

"आत्ता. फाल्गुनात."

"मग दिवाळीत हिचा ठराव कसा? आमच्या अभ्यासात असंच हाय. गोष्ट जुन्या काळाची, आन् मधीच पुढल्या राजांचं नाव येतं. म्हंजे लिवणारा मागनं आला." मग त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, दिवाळीच्या सभेला तुमी व्हते ना?"

होतो. असलं काही ठरलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं, आणि मी गप्प बसलो होतो. "व्हतो," मी म्हणालो. "असं काई ठरलं नव्हतं."

चेअरमननी वही परत घेतली आणि मिटली. मग थकल्यासारखे म्हणाले, "चारा कमी हाय, बाई. कुणाला तरी न्हाई म्हणावंच लागंल."

"म्हणा की. आज म्हणा, समद्यांच्या तोंडावर. मागच्या तारखेत नका म्हणू."

तोंडावर काही ते त्यांच्याच्यानं झालं नाही. सगळ्याच जनावरांची पेंढी थोडी लहान झाली आणि अकरा म्हशी छावणीत आल्या. ताईंना नोंदवहीवरून काढून कॅन धुवायला लावलं. त्या बिनतक्रार धूत राहिल्या. दोन महिन्यांनी चेअरमननीच त्यांना परत टेबलावर बसवलं, कारण नव्या माणसाचं अक्षर कुणालाच लागेना.

पेपरात त्या चांगल्या पास झाल्या. पदवी झाली आणि त्या अभ्यासातले जुने ग्रंथ मूळ हिब्रूतून शिकण्यासाठी त्या मुलीकडे पुण्याला निघाल्या. अकरा घरच्या बायका गेवराईच्या स्टँडवर आल्या होत्या, खव्याचा डबा घेऊन. मीही गेलो होतो. एसटीत ताईंच्या शेजारी टोपीवाले एक म्हातारे गृहस्थ बसले होते, निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. ताईंनी पिशवीतून हिब्रू मुळाक्षरांचं नवंकोरं पुस्तक काढलं आणि सवयीनं डावीकडून उघडलं.

"ह्ये उलट्या बाजूनं हाय काय," त्या पुटपुटल्या.

"उलटं कावून? आमच्या उर्दूवानी सुलटंच हाय," म्हातारे म्हणाले. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, फिरवून ताईंच्या मांडीवर ठेवलं आणि उजव्या टोकाच्या पहिल्या अक्षरावर बोट टेकवलं. गाडी हलली तेव्हा दोघांची डोकी त्या पानावर वाकलेली होती. आम्ही हात हलवत होतो. ताईंनी वर पाहिलंच नाही.