रेघ मारलेली ओळ

आमगावच्या धान खरेदी केंद्रावर नंबर जवळ आला की शेतकऱ्याच्या फोनला हादरा देणारं ॲप मी घरून सांभाळते. केंद्रावर चाळणी आणि पंख्यांचा एवढा गोंगाट असतो की घंटी कुणाला ऐकू येत नाही. म्हणून हादरा.

गेल्या हंगामात मी कोड साफ करायला घेतला. हादरा देण्याची जुनी पद्धत आता मोडीत निघाली, हे सांगणारी आडवी रेघ त्या ओळीवर कितीतरी दिवस दिसत होती. मला पसारा आवडत नाही. ओळ काढली, नवी पद्धत घातली. जुन्या फोनवर ही चालणार नाही, असा इशारा आला. तो दाबून टाकला आणि नवं ॲप सगळ्यांना पाठवून दिलं. इतके जुने फोन आता वापरतं कोण?

माझ्या सासूबाई वापरतात. तो फोन मीच त्यांना दिलेला, माझा वापरून झालेला.

दुसऱ्या दिवशी त्या आमचं धान घेऊन केंद्रावर गेल्या आणि फोन कमरेला खोचून सावलीत बसल्या. हादरा द्यायची वेळ आली तेव्हा ॲपच बंद पडलं. नंबर हुकला. पोती उघड्या आवारात राहिली, आणि आभाळ भरून आलेलं.

दुपारी घरी येऊन त्या म्हणाल्या, "काऊन वं, तुयं ॲप झोपून राहते का?"

"माझी चूक झाली जी. तुम्हाला नवा फोन..."

"चूक तुयी अन् फोन माया बदलतं? उद्याचा नंबर भेटला हाये. तवरिक दुरुस्त कर."

मी जुनी ओळ परत आणली. फोन जुना असेल तर ही पद्धत, नवा असेल तर ती, एवढी एक अट घातली. त्यांच्याच फोनवर तीनदा चालवून पाहिलं, मगच सगळ्यांना पाठवलं.

संध्याकाळी आमच्या नागपूरच्या ऑफिसातल्या, माझा कोड तपासणाऱ्या मुलीने फोनवर विचारलं, "ताई, रेघ मारलेली ओळ परत का घातली?"

"बाजूची टीप वाच."

टिपेत लिहिलं होतं : सासूबाईंचा फोन चालतो तोवर हात लावू नये.

दुसऱ्या दिवशी मीही केंद्रावर गेले. शेजारणीशी बोलता बोलता सासूबाई दचकल्या, हात कमरेला गेला.

"एवढ्या जोरानं कायले वं? गुदगुल्या होते," म्हणत त्या उठल्या. पोती वजनकाट्यावर चढली, तेव्हा कुठे पहिले थेंब पडले.

हादरा मी अजून कमी केलेला नाही.