नासपतीच्या मोलाचा

हेरफर्डकडच्या एका खेड्यात डायनिस नावाची लोहाराची बायको होती. कामाला वाघ, पण जिभेला हाड नव्हतं. तिथं नासपती इतकी पिकायची, की कुचकामी माणसाला लोक ‘एका नासपतीच्याही मोलाचा नाही’ म्हणत.

एकदा शेंगा सोलताना ती शेजारणीला बोलून गेली, “आमचा म्हातारा नुसता बसून खातो. एका नासपतीच्याही मोलाचा राहिला नाही.”

सासरा ऑसबर्ट भिंतीपलीकडेच सरपण बांधत होता.

त्याचे दात पडलेले, म्हणून ती रोज त्याला नासपती मधात मऊ शिजवून द्यायची. त्या संध्याकाळी त्यानं वाडगा हलकेच परत सरकवला.

“राहू दे, सूनबाई. माझ्यापेक्षा तिचंच मोल जास्त.”

डायनिसनं वाडगा उचलून आत नेला. उद्या माफी मागू, असं तिनं ठरवलं. उद्याचा परवा होत गेला. म्हातारा तिच्याशी नीट बोलायचा, पण नासपतीला त्यानं पुन्हा हात लावला नाही. थंडी सरता सरता तो गेला.

पुढं एकदा नवऱ्यानं विचारलं, “बाबांना शेवटी नासपती आवडेनाशी झाली होती का गं?”

“वय झालं होतं त्यांचं,” असं म्हणून ती चुलीकडे वळली.